जुन्या मतदार याद्या : आपल्या वाडवडिलांच्या वास्तव्याची नोंद

जातीचा दाखला काढावयाचा म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पुराव्याचा. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्या तारखेस किंवा तिच्या आधीपासून आपले कुटुंब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते, हे दाखवावे लागते. ज्यांच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, त्यांनी ते कशाने दाखवावे? अशा वेळी उपयोगी पडणारा, पण फारसा कोणी न शोधलेला कागद म्हणजे जुनी मतदार यादी.

इंग्रजी अमदानीतही मतदार याद्या होत्या. परंतु मताचा हक्क मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव अशा यादीत क्वचितच चढे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे भारतीय संविधानाच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. कलम ३२५ ने तर धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणाचेही नाव यादीबाहेर ठेवता येणार नाही, सर्वांची यादी एकच राहील, असे ठरविले. पाटलाचे नाव आणि वेसकराचे नाव एकाच यादीत आले ते या कलमांमुळे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची १९५१-५२ ची यादी आपल्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार, या पहिल्या यादीत नाव येण्यासाठी १ मार्च १९५० रोजी वय २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. तसेच १ एप्रिल १९४७ ते ३१ डिसेंबर १९४९ या काळात किमान १८० दिवस त्या मतदारसंघात वास्तव्य असावे लागे. म्हणजे यादी छापली गेली नंतर, परंतु तिच्यातील नाव १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याची साक्ष देते. अर्ज करताना हा मुद्दा अवश्य लिहावा.

यादीत साधारणपणे अनुक्रमांक, घर क्रमांक, मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, लिंग आणि वय असते. त्यामुळे वंशावळ जुळविण्यास ती फार उपयोगी पडते. मात्र वय अंदाजाने लिहिलेले असू शकते आणि नावाचे रूपही बदललेले आढळते. घरी ज्यांना सखाराम म्हणत, ते यादीत ‘सखा’ असू शकतात. स्त्रियांच्या नावांचा इतिहास तर विचार करावयास लावणारा आहे. त्या पहिल्या यादीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. कारण ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच ओळख त्यांनी किंवा घरच्यांनी सांगितली होती. हा प्रकार प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांत घडला.

आता आपल्या शिर्डीची यादी शोधावी कोठे? येथे अनेकांची फसगत होते. शिर्डी आज राहाता तालुक्यात आहे. परंतु हा तालुका १९९९ साली झाला. त्यापूर्वी शिर्डी कोपरगाव तालुक्यात होती. शिर्डी लोकसभा मतदारसंघही २००८ च्या पुनर्रचनेतील असून त्याची पहिली निवडणूक २००९ साली झाली. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले ते २०२४ साली. म्हणून जुनी यादी मागताना ‘मुंबई राज्य, जिल्हा अहमदनगर, तालुका कोपरगाव, मौजे शिर्डी’ असा उल्लेख करावा. ज्यांचे मूळ गाव गोदावरीपलीकडे वैजापूर तालुक्यात आहे, त्यांनी हैदराबाद राज्याची यादी मागावी. कारण तो भाग १९५६ पर्यंत त्या राज्यात होता. साखर कारखान्याच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांनीही आजोबा त्या वेळी कोठे राहत होते ते आधी वडीलधाऱ्यांना विचारावे.

१९६० च्या मतदार नोंदणी नियमांनुसार यादीची एक प्रत कायमची जपून ठेवावयाची असते. नियम ३३ प्रमाणे कोणाही व्यक्तीस ठरलेली फी भरून याद्या पाहता येतात व साक्षांकित प्रती मिळतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्यावा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातही चौकशी करावी. अर्जाची पोच घ्यावी. दाद न लागल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. त्यास साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. यादी नसेल तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर मागावे. तेही जपून ठेवण्यासारखे असते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. मतदार यादी वास्तव्य व नाते दाखविते, जात दाखवीत नाही. जातीसाठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची नोंद, वतनाचे कागद असे पुरावे जोडावे लागतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांच्या दाखल्यांवर ‘बौद्ध’ अशी नोंद झाली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश राष्ट्रपतींच्या आदेशात झाला. तरीही मूळ जातीचा जुना कागद लागतोच. यादी आणि हा कागद एकमेकांना पूरक ठरतात.

जुन्या यादीचे महत्त्व केवळ दाखल्यापुरतेही नाही. २०२५ साली बिहारमध्ये याद्यांची विशेष फेरतपासणी झाली, तेव्हा २००३ च्या यादीत ज्यांचे नाव होते त्यांना वेगळी कागदपत्रे द्यावी लागली नाहीत. जुनी नोंद माणसाच्या कशी पाठीशी उभी राहते, हे यावरून दिसते.

म्हणून विद्यार्थ्यांनी बारावीची धावपळ सुरू होण्यापूर्वीच हे काम करावे. आजी-आजोबा हयात असतील तोवर त्यांच्याकडून नावे, गावे व नाती लिहून घ्यावीत. यादीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत घरात ठेवावी व एक प्रत भावकीत द्यावी. एका घराने शोधलेले पान चार घरांच्या मुलांच्या उपयोगी पडते.