नदीचे मोल कोणी ठरवावे?

शाक्य आणि कोलिय या दोन गणराज्यांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत होती. तिच्या पाण्यावरून पेटलेल्या वादात सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची परिणती गृहत्यागात झाली, अशी मांडणी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात केली आहे. नदीचा प्रश्न हा न्यायाचाही प्रश्न असतो, हे त्या प्रसंगातून आपण शिकतो. आपल्या शाळेतील मुलेमुली ज्या डहाणू-तलासरीच्या परिसरात वाढतात, तेथून सूर्या आणि वरोली या नद्या वाहतात. या नद्यांचे मोल कशावरून ठरवायचे, आणि ते कोणी ठरवायचे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

नदीचे मोल पद्धतशीरपणे तपासण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेत झाला. 2 ऑक्टोबर 1968 रोजी तेथे वन्य व निसर्गरम्य नद्यांचा कायदा अस्तित्वात आला आणि आरंभी आठ नद्यांना संरक्षण मिळाले. हा कायदा धरणांना सरसकट विरोध करीत नाही. काही ठिकाणी धरणे बांधण्याचे धोरण असेल, तर त्याला तोल म्हणून काही निवडक नद्या मुक्त वाहत्या ठेवण्याचेही धोरण हवे, अशी त्याची भूमिका आहे.

या कायद्याखाली मूल्यमापन तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी पात्रतेची. नदीचा तो भाग मुक्तपणे वाहणारा हवा आणि त्याच्या अंगी निसर्गसौंदर्य, विहार, भूरचना, मासे व वन्यजीव, इतिहास, संस्कृती यांपैकी निदान एक तरी असामान्य मूल्य हवे. ते मूल्य नदीशी निगडित असावे आणि आसपासच्या प्रदेशाच्या तुलनेत उठून दिसावे. प्रवाह बारमाही असलाच पाहिजे, अशी मात्र अट नाही. दुसरी पायरी वर्गवारीची. काठावर माणसाचा हस्तक्षेप किती झाला आहे, हे पाहून त्या भागाला वन्य, निसर्गरम्य किंवा विहारयोग्य ठरवतात. तिसरी पायरी योग्यतेची. संरक्षण दिल्यास कोणते उपयोग सोडावे लागतील, जमिनी कोणाच्या आहेत, स्थानिक लोकांचे म्हणणे काय, याचा तेथे विचार होतो.

हीच कसोटी सूर्येला लावून पाहू. संपूर्ण नदीचा एकदम निकाल न लावता तिच्या एकेका भागाची परीक्षा घ्यावी लागेल. धामणी धरणाचा जलाशय आणि त्याखालचा कवडासचा बंधारा हे भाग मुक्त प्रवाहाच्या अटीत बसणार नाहीत. जलाशयाच्या वरचे डोंगरातले ओहोळ आणि बंधाऱ्याखालून वैतरणेपर्यंत जाणारे पात्र यांची तपासणी मात्र स्वतंत्रपणे करता येईल. वरोलीचेही तसेच आहे. दापचरीजवळच्या कुर्झे धरणाने ती अडवली आहे. पुढे ती गुजरातेत शिरून संजाणवरून समुद्राला मिळते.

मूल्यांच्या यादीत मासे आहेत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओहोळांतून भातखाचरांपर्यंत चढतात, हे येथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती वाट मोकळी राहिली तरच ते चढू शकतात. यादीत संस्कृती आहे. गंजाडचे चित्रकार, पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनी मासेमारीचे जाळे आपल्या चित्रांतून जगापुढे नेले. यादीत इतिहासही आहे. 1945 साली तलासरीच्या झरी गावातून वारली बांधवांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, तो याच नद्यांच्या खोऱ्यांत.

आपल्या देशात नद्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. केंद्र सरकारने 20 जून 1991 रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि तालुक्याभोवतीचा 25 किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवण्याचे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 ऑक्टोबर 1996 च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या व्यवस्थेचे एकक मात्र तालुका आहे, आणि नदी तालुक्याची वेस मानीत नाही. महाराष्ट्र शासनाने 2000 साली पाण्याच्या प्रतीनुसार नद्यांचे वर्ग पाडून कारखान्यांना काठापासून अंतराचे बंधन घातले होते. ते नदी नियमन क्षेत्र धोरण 2015 साली रद्द झाले. वाढवण बंदराला याच प्राधिकरणाने 1998 मध्ये नकार दिला होता आणि 2023 मध्ये परवानगी दिली. दिलेले संरक्षण काढूनही घेता येते, हे यावरून लक्षात यावे.

येथे एक शंका उपस्थित होईल. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर व महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना दिशा दिली. मग त्यांच्या अनुयायांनी मुक्त वाहणाऱ्या नदीची बाजू कशी घ्यावी? आमच्या मते येथे विरोध नाही. बाबासाहेबांनी प्रांतांच्या सीमांपलीकडे जाऊन संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार केला आणि पुरापासून मुक्ती, सिंचन व वीज यांतून सामान्य माणसाचे दैन्य हटवणे हे उद्दिष्ट ठेवले. तीच फूटपट्टी सूर्येला लावली पाहिजे. हा प्रकल्प मुळात सिंचनासाठी आखला गेला. आता सूर्येतून वसई-विरार आणि मिरा-भाईंदर या शहरांसाठी दररोज 40 कोटी 30 लाख लिटर पाण्याची योजना आहे. शहरातील माणसालाही तहान असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणारी पाड्यावरची स्त्री कोणत्या हिशेबात धरली जाते? अमेरिकन कायद्यातील मूल्यांच्या यादीत काठावरच्या माणसाची तहान हे स्वतंत्र मूल्य म्हणून नोंदलेले नाही. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ते पहिल्या ओळीत लिहिले पाहिजे.

त्यासाठी लागणारी साधने हाताशी आहेत. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मासे व इतर जलोत्पन्नावरील सामूहिक हक्क मान्य केले असून पाणलोट व जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकांची नोंदवही ठेवावयाची असते. प्रकल्प दारात आल्यावर आपली बाजू मांडायची, तर नोंदी त्याआधीच तयार हव्यात.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो. सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या ओहोळाकाठी आजी-आजोबांना घेऊन बसा. कोणत्या कोंडीत पाणी वैशाखापर्यंत टिकते, कोणते मासे पूर्वी मिळत आणि आज दिसत नाहीत, कोणता पाडा कोठून पाणी भरतो, हे तारखेसह वहीत उतरवून घ्या. ती वही ग्रामसभेपुढे ठेवा. नदीचे मोल ठरवताना आपल्या लोकांचे म्हणणे कागदावर असण्याची सुरुवात तेथून होईल.