समारची झुंज

प्रशांत महासागरातील फिलिपाईन्स द्वीपसमूहात समार आणि लेटे ही शेजारशेजारची दोन बेटे आहेत. दुसऱ्या महायुद्धात हा द्वीपसमूह जपानच्या ताब्यात होता. तो जिंकून घेण्यासाठी २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेचे सैन्य लेटे बेटावर उतरले. त्याला अन्न आणि दारूगोळा पुरविणारी जहाजे लेटेच्या आखातात उभी होती. ती बुडाली असती, तर किनाऱ्यावरील सैनिक संकटात सापडले असते.

हा घाव घालण्यासाठी जपानने एक डाव रचला. थोडीच विमाने असलेली आपली काही विमानवाहू जहाजे त्याने आमिष म्हणून उत्तरेकडे धाडली. अमेरिकेचे सेनानी हॅल्सी आपले प्रबळ आरमार घेऊन त्यांच्या मागे धावले. इकडे सॅन बर्नार्डिनोची सामुद्रधुनी मोकळी राहिली. त्या वाटेने सेनानी कुरिता यांचे आरमार रात्री बाहेर पडले.

२५ ऑक्टोबरच्या सकाळी समारजवळच्या समुद्रात सेनानी स्प्रेग यांचा लहानसा ताफा पहारा देत होता. त्यात सहा छोटी, मंदगती विमानवाहू जहाजे, तीन विनाशिका आणि त्यांहूनही लहान अशा चार रक्षक नौका होत्या. एकाएकी क्षितिजावर उंच डोलकाठ्या दिसू लागल्या. चार प्रचंड युद्धनौका, आठ क्रूझर आणि अकरा विनाशिका चालून येत होत्या! त्यांत ‘यामाटो’ ही जगातील सर्वांत मोठी युद्धनौका होती. तिच्या तोफांचे तोंड ४६ सेंटिमीटर रुंद होते. अमेरिकन विनाशिकांच्या तोफांचे अवघे पावणेतेरा सेंटिमीटर.

विमानवाहू जहाजांना वेगाने पळून जाणे शक्य नव्हते. त्यांनी भराभर विमाने उडविली. त्यांना झाकण्यासाठी विनाशिकांनी दाट धुराचा पडदा उभारला. तेवढ्यात ‘जॉन्स्टन’ या विनाशिकेचे कप्तान अर्नेस्ट इव्हान्स यांनी हुकमाची वाट न पाहता आपली नौका सरळ शत्रूवर घातली. तिच्या पाणतीराने ‘कुमानो’ या क्रूझरचा पुढचा भाग उडाला. पाठोपाठ शत्रूचे गोळे तिच्यावर येऊन आदळले. इव्हान्स यांच्या हाताची दोन बोटे तुटली. सुकाणूची यंत्रणा निकामी झाली. तेव्हा ते नौकेच्या मागच्या भागात जाऊन उभे राहिले. तेथून ते ओरडून हुकूम देत आणि खाली खलाशी हातांनी सुकाणू फिरवीत.

इतर नौकाही मागे राहिल्या नाहीत. पाणतीर पाण्यातून येत असता मोठ्या नौकेलाही वळावे लागते, कारण तिच्या चिलखताखालचा भाग नाजूक असतो. पाणतीर चुकविण्यासाठी ‘यामाटो’ उत्तरेकडे वळली आणि काही काळ रणक्षेत्रापासून दूर गेली. वरून विमानांचे हल्ले चालूच होते. काही वैमानिकांजवळचे बाँब संपले, तरी ते शत्रूच्या नौकांवर खोट्या झडपा घालीत राहिले.

धुरामुळे आणि या आवेशामुळे आपल्यासमोर अमेरिकेचे मोठे आरमारच आहे, असे कुरितांना वाटले. आदल्या दोन दिवसांत त्यांची काही मोठी जहाजे बुडाली होती. आता त्यांच्या नौकाही इतस्ततः पांगल्या होत्या. सकाळी नऊनंतर त्यांनी उत्तरेकडे वळण्याची आज्ञा दिली. आखातातील जहाजे वाचली.

मात्र या विजयाची किंमत फार मोठी होती. ‘जॉन्स्टन’, ‘होएल’, ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ आणि विमानवाहू ‘गॅम्बिअर बे’ तोफांच्या माऱ्याने बुडाल्या. त्यानंतर एका जपानी वैमानिकाने आपले विमान विमानवाहू ‘सेंट लो’वर आदळून तीही बुडविली. ‘जॉन्स्टन’वरील ३२७ जणांपैकी १४१ वाचले, इव्हान्स त्यांत नव्हते. वाचलेल्यांना सुटकेसाठी दोन दिवस समुद्रात तरंगत काढावे लागले.

‘जॉन्स्टन’चे अवशेष आज सुमारे साडेसहा किलोमीटर खोल समुद्रतळावर आहेत. २०२१ साली पाणबुडीतून गेलेल्या संशोधकांनी तिची ओळख पटविली. तिच्या पुढच्या भागावरील ५५७ हा क्रमांक अजूनही स्पष्ट वाचता येतो.