राखलेल्या रानाचे ताट

आरोग्याचा विषय निघाला की आपण खान्देशी माणसे दवाखान्याकडे बोट दाखवतो. गावात डॉक्टर राहत नाही, औषध मिळत नाही, ही आपली जुनी तक्रार, आणि ती खोटीही नाही. पण धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, पिंपळनेरच्या पुढे गेले की बारीपाडा लागतो. शंभरेक घरांचा हा आदिवासी पाडा. तिथे आरोग्याची सुरुवात कुऱ्हाड खाली ठेवण्यापासून झाली.

१९९० च्या सुमारास इथले डोंगर बोडके झाले होते. झाडामागे पाणी गेले, पाण्यामागे शेती, आणि मग माणसेही कामाच्या शोधात बाहेर पडू लागली. बाईचा अर्धा दिवस हंड्यापायी संपत असेल, तर तिला सकस आहाराचे धडे देऊन काय उपयोग?

याच गावचे चैत्राम पवार एम. कॉम. झाले आणि नोकरीमागे न धावता गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाची त्यांना साथ मिळाली. गावाने स्वतःच नियम केले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडील त्याला दंड. राखणही गावकऱ्यांचीच. आपल्याच भाऊबंदाकडून दंड घेणे किती अवघड, हे खेड्यात राहिलेल्याला सांगायला नको! श्रमदानातून ओघळींवर छोटे छोटे बांध पडले. हळूहळू ४०० हेक्टरांच्या वर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले, स्थलांतर थांबले. चैत्रामभाऊंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या कामाला तीन दशके उलटून गेली होती.

मला मात्र या सगळ्यात जास्त मोलाची वाटते ती २००४ साली इथे सुरू झालेली वनभाजी स्पर्धा. पावसाळ्यात बायका रानातून भाज्या आणतात, रांधतात आणि मांडतात. टाकळा, कुर्डू, चाई, बांबूचे कोवळे कोंब आणि कितीतरी कंद. नुसत्या चवीवर नंबर लागत नाही. भाजीची माहितीही सांगावी लागते. आणि ती माहिती काही साधी नाही. कडू कंद चकत्या करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाण्याजोगा होत नाही. चूक झाली तर तोच कंद बाधतो. हे कुठल्या पुस्तकातून नव्हे, आजीच्या हाताखाली शिकायचे.

‘गरिबाची भाजी’ म्हणून हिणवलेले हे अन्न. पोरे आश्रमशाळेत, मग शहरात शिकायला गेली की त्याची नावेसुद्धा विसरायची. स्पर्धेने त्याला प्रतिष्ठा दिली. आता धुळ्या-जळगावातही पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरतात, हौसेने गर्दी होते. छान आहे. पण एक धास्तीही वाटते. घरच्या ताटापुरते खुडणे वेगळे आणि बाजाराच्या पाट्या भरणे वेगळे. मुळासकट कंद उपटले गेले तर पुढच्या आषाढात डोंगरावर काय उगवणार? राखण करणाऱ्या गावाला हे कळते, पाव किलोचा भाव विचारणाऱ्या आपल्याला कळेलच असे नाही.

यंदा महोत्सवात गेलात तर जुडी घेण्याआधी त्या मावशींना एवढे विचारा: ही राखलेल्या रानातली का? आणि शिजवायची कशी?