कुर्ला, उत्तरपारा आणि मधली भनपुरी

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरी येते. दोन्ही बाजूंना ट्रक उभे, ट्रान्सपोर्टची गोदामं, लोखंडाचे ढीग, वेल्डिंगवाले, लेथवाले. टाटा किंवा लेलँडच्या ट्रकचा पार्ट मागा, काउंटरवरचा पोरगा मान न वळवता मागच्या फळीवर हात घालतो. त्याच काउंटरवर १९६८ सालच्या फियाटचं ब्रेक किट मागितलं, तर तो आधी विचारतो, ‘‘गाड़ी चालू है क्या?’’

जुनी गाडी उभी करायला लागणारे हात भनपुरीत आहेत, हत्यारंही आहेत. पार्ट मात्र बाहेरून आणावे लागतात, आणि ते पूर्वीपासूनच. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर रायपूर मधेच बसलं आहे. पश्चिमेला साधारण अकराशे किलोमीटरवर मुंबई, तिथे कुर्ल्याला फियाट बनायची. पूर्वेला साधारण सव्वाआठशे किलोमीटरवर कोलकाता, तिथून जवळ उत्तरपाऱ्याला अ‍ॅम्बॅसॅडर. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात स्थिरावलेल्या मराठी घरांतल्या डॉक्टर-वकिलांनी गाडी घेतली, तर बहुधा या दोघींतली एक. ती बिघडली की बिल्टी कुठल्या दिशेने येणार, हे ठरलेलं असे. कारखाने बंद पडल्यावर मात्र दिशाही राहिली नाही आणि पार्टची हमी देणाराही राहिला नाही. सात दशकांत ही हमी कोणाकोणाच्या हातातून फिरली, ते पाहिलं तर आज पार्ट कोणाकडून घ्यावा याचं उत्तर बरंचसं सापडतं.

पोरक्या गाड्यांची पहिली पिढी आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती, फोर्डचीही जुळणी देशात चाले. सुटे भाग पेट्यांतून परदेशातून येत आणि इथे जोडले जात. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, टप्प्याटप्प्याने सगळे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच राहावं. पुढच्या वर्षभरात दोन्ही परदेशी कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. त्यांच्या शेव्हरोले आणि फोर्ड गाड्या मात्र इथेच राहिल्या. आयातीला परवाना, परवान्याला खेपा. मग लेथवाल्याने बुश कातून द्यायचा, ट्रकचा पार्ट घासून कारला बसवायचा, पॅकिंग हाताने कापायचं. आपल्या मिस्त्री लोकांच्या ज्या करामतींचं आपण कौतुक करतो, त्यांची शाळा तिथे भरली. त्यांची वाईट खोडही तिथलीच, ती म्हणजे ‘फिट हो जाएगा’.

जे राहिले त्यांत दोन मोठे होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडत असे, पन्नाशीच्या दशकात ती फियाटकडे वळली. आरंभीची गोलमटोल ११००, मराठीत जिचं नाव ‘डुक्कर फियाट’ पडलं, तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. इटलीतल्या ११०० डी या मॉडेलची ती बहीण. सत्तरच्या दशकात फियाटशी करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. तिकडे १९४२ मध्ये ओख्याला सुरू झालेली हिंदुस्थान मोटर्स १९४८ मध्ये उत्तरपाऱ्याला गेली आणि १९५७ पासून मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अ‍ॅम्बॅसॅडर काढू लागली.

या काळात पार्टची हमी डबीवरच्या छापात होती. फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे हे खरं, पण एकदा गाडी दारात आली की पार्टची फारशी चिंता नसे. प्लगसाठी १९५१ ची मायको, डायनॅमो-स्टार्टरसाठी १९६१ ची लुकास-टीव्हीएस, ब्रेकसाठी १९६२ ची ब्रेक्स इंडिया. कारखान्याला माल पुरवणाऱ्या या कंपन्यांचा माल बाजारातही मिळे. मॉडेल वर्षानुवर्षं बदलत नसे. ग्राहक त्याला कंटाळला होता, पण पार्टच्या दुकानदाराला यापेक्षा चांगलं काही नव्हतं, कारण दहा वर्षांपूर्वी भरलेला माल दहा वर्षांनीही खपे. दुकानदार निवडण्याचा प्रश्नच नव्हता. सीलबंद डबी आणि पक्कं बिल एवढं पुरे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि गाडं फिरलं. १९९१ नंतर तर नव्या गाड्यांची रांग लागली. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. तरी तिचे पार्ट संपले नाहीत, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या. टॅक्सीवाल्याला पार्ट रोज लागायचा आणि स्वस्त लागायचा. त्यामुळे कारखाना बंद झाल्यावरही लहान लहान शेडमधून क्लच प्लेट, वॉटर पंप, टायरॉड एंड, दाराची हँडलं निघत राहिली. रायपूरला येणारा माल याच टॅक्सीबाजाराचा. तो मिळत होता म्हणून आपण खूश होतो, पण त्याची प्रत टॅक्सीवाल्याच्या हिशेबाची होती. चार महिने चालला, पैसे वसूल. वर्षाकाठी पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या हौशी गाडीला तोच पार्ट पाच वर्षं टिकायला हवा असतो. नावाजलेल्या कंपनीच्या डबीत लोकल माल भरून विकण्याचा धंदाही याच काळात फोफावला. डबीवरच्या छापाची हमी तिथेच संपली.

पुढे महाराष्ट्राने मुंबईतल्या टॅक्सींना आधी पंचवीस आणि मग वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. पद्मिनी शेकड्यांनी भंगारात गेल्या. काही वर्षं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात त्यांच्या दारांची, बॉनेटची, गिअरबॉक्सची चंगळ होती. उत्तरपाऱ्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला, २०१७ मध्ये अ‍ॅम्बॅसॅडर हे नावसुद्धा ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या पेजो कंपनीला विकलं गेलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, तिची वीस वर्षं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर भरली. ती रस्त्यावरून गेली आणि रोजचं गिऱ्हाईकही गेलं. आधी पूर आला होता, मग दुष्काळ पडला.

हे सगळीकडे असंच घडतं असं नाही. ब्रिटनमध्ये १९७५ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची कंपनी निघाली. जुन्या एमजी आणि मिनी गाड्यांचे मूळ साचे वापरून ती आजही बॉडीचे पत्रे काढते. कॅलिफोर्नियात १९४८ पासून मॉस मोटर्स ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे पार्ट विकते आहे. तिथे एमजीचा मालक पार्ट नंबर सांगतो आणि पार्ट घरी येतो. कुर्ल्याच्या किंवा उत्तरपाऱ्याच्या साच्यांसाठी आपल्याकडे अशी व्यवस्था उभी राहिली नाही. त्यामुळे आपली भिस्त माणसांवर, म्हणजे कोलकात्याचा मलिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट, दिल्लीचं मायापुरी, पुण्याचा जुना बाजार इथल्या दुकानदारांवर आणि अलीकडे मोबाइलवर फोटो पाठवणाऱ्या अनोळखी विक्रेत्यांवर आहे.

या माणसांत भरवशाचा कोण, हे सरसकट ठरवता येत नाही. ते पार्टगणिक ठरतं. एकच दुकानदार एका पार्टसाठी देवमाणूस आणि दुसऱ्यासाठी धोकादायक असू शकतो.

ब्रेकच्या रबरी वाट्यांचं उदाहरण घ्या. चाकातल्या सिलिंडरमध्ये बसणारी ही वाटी एवढीशी, पण जुन्या फियाटला किंवा अ‍ॅम्बॅसॅडरला ब्रेकची एकच लाइन असते. एक वाटी गळली की चारही चाकांचे ब्रेक गेले. जुन्या मालाचा विक्रेता पंचेचाळीस वर्षांपूर्वीची सीलबंद डबी दाखवतो, आत ओरिजिनल वाटी, एकही डाग नाही. ती दोन बोटांत धरून कड दाबा. कडेला केसासारख्या भेगा उमटतात, नाहीतर दाबलेली कड उठून परत जागेवर येत नाही. रबर डबीतही म्हातारं होतं. इथे ‘ओरिजिनल’ला किंमत शून्य. वाटी ताजी हवी, ब्रेक ऑइलला टिकणाऱ्या रबराची हवी आणि बनवणाऱ्याचं नाव तिच्यावर हवं. दाराच्या हँडलचं नेमकं उलटं. पन्नास वर्षं वापरलेलं, क्रोम उडालेलं कारखान्याचं हँडल पुन्हा मुलामा देऊन बसवलं, तर ते नव्या लोकल हँडलपेक्षा चांगलं बसतं. म्हणून हँडलसाठी भंगारवाला बरा, वाटीसाठी नको.

बेअरिंगला तर जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याची गरजही पडत नाही. ६२०४ नंबरचं बेअरिंग म्हणजे आतून २०, बाहेरून ४७ आणि रुंदीला १४ मिलिमीटर. जगात कुठेही घ्या, माप तेच. ऑइल सीलवरही बहुधा मापं छापलेली असतात. ट्रकच्या गावात बेअरिंगचा अधिकृत विक्रेता शोधावा लागत नाही. जुन्या गाडीचं म्हणून दुर्मीळ भावाने विकलं जाणारं बेअरिंग पुष्कळदा एखाद्या पंपात किंवा मोटरमध्ये बसणारंच असतं. जुन्यावरचा नंबर पुसून वाचायचे तेवढे कष्ट.

लेथवाल्याकडे जायचं ते किंगपिन, बुश, स्पेसर यांसाठी. भनपुरीत हात कसबी आहेत, पण विचारायचं असतं धातूबद्दल. रायपूरच्या रोलिंग मिलमधून सळ्यांचं लोखंड ढिगाने निघतं. त्याचा किंगपिन कातला तर मापात चोख बसेल आणि थोड्याच दिवसांत झिजेल. किंगपिनला पृष्ठभाग कडक केलेलं पोलाद लागतं. ‘‘माल कौन सा लगाओगे, हार्डनिंग कहाँ कराओगे?’’ या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा लेथवाला आपला. हसणारा नव्हे.

आट्यांचं प्रकरणही असंच. फियाट मिलिमीटरची, अ‍ॅम्बॅसॅडर इंचाची. पाच-सोळांश इंची बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट टेबलावर शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही, कारण जाडीत दशांश मिलिमीटरहून कमी अंतर आहे. आटे मात्र वेगळे. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे सुखाने जातो, मग अडतो. घाईतला माणूस पान्याला पाइप लावतो आणि ब्लॉकमधले आटे जातात. मोकळे बोल्ट विकणाऱ्या दुकानात पिच गेज आहे का, हे म्हणूनच पाहावं. ज्याच्याकडे आहे आणि जो ते वापरतो, त्याच्याकडून बाकी मालही घ्यायला हरकत नाही.

१५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने या निवडीला कायद्याची बाजूही आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. नवी नोंदणी २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पुढे नूतनीकरण पाच हजार. अशी गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामांपुरतीच काढायची. आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. एके काळी पेट्रोल वाचावं म्हणून डिझेल इंजिन बसवलेली अ‍ॅम्बॅसॅडर इथे अडचणीत येते. ‘फिट हो जाएगा’ची किंमत आता कागदावरही मोजावी लागते.

या सत्तर वर्षांत हमी आधी कारखान्याची होती, मग डबीची, मग बाजाराची. आज ती माणसाची आहे, आणि माणूस ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. किंमत सांगण्याआधी जो चासी नंबर, साल आणि जुना पार्ट मागतो, तो भरवशाचा. फोटोत पार्टशेजारी पट्टी ठेवायला सांगितल्यावर जो ठेवतो, तो भरवशाचा. नंबरासह पक्कं बिल देतो, बसला नाही तर परत घेतो, आणि मुख्य म्हणजे ‘माझ्याकडे नाही, अमक्याकडे मिळेल’ असं सांगतो, तो सगळ्यात भरवशाचा. नवा विक्रेता असेल तर पहिली मागणी दोन-तीनशे रुपयांची करावी. लहान व्यवहारात जो टाळाटाळ करतो, त्याला गिअरबॉक्सचे आगाऊ पैसे पाठवू नयेत. ‘शेवटचा पीस आहे, आजच पाठवा’ असं म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

आणि एक विनंती. गॅरेजमध्ये पार्ट बदलला की जुना पार्ट मागून घ्या, पुसा, कुठला आणि कधी काढला ते चिठ्ठीवर लिहून बांधून ठेवा. कारखान्याचं ड्रॉइंग आता मिळायचं नाही. लेथवाल्याला, बेअरिंगवाल्याला, कुर्ल्याच्या भंगारवाल्याला दाखवायला तुमच्या हातात तो झिजलेला तुकडाच असतो. तो कबाड्याला किलोवर देऊ नका.