जझीरा : दोन नाईलांमधला कापूस

मुरूडचा जंजिरा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. 'जझीरा' म्हणजे बेट, या अरबी शब्दापासून ते नाव आले. सुदान देशात याच नावाचा एक प्रांत आहे. तेथे समुद्र नाही. निळी नाईल आणि पांढरी नाईल यांच्या मधला म्हणून तो जझीरा. आम्हां गिरणगावकरांना त्याची ओळख झाली ती कापसामुळे. बारीक नंबरच्या सुताला लांब धाग्याचा कापूस लागे आणि मुंबईच्या गिरण्या तो इजिप्त-सुदानातूनही आणवीत.

आता नकाशा पाहू. निळी नाईल इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातून, ताना सरोवरातून निघते. आपल्याकडे आषाढ-श्रावण बरसतो त्याच सुमारास तिकडेही पाऊस कोसळतो आणि नदी गाळ घेऊन फुगते. पांढरी नाईल दक्षिणेकडून संथ वाहत येते. खार्टुमला दोघींचा संगम होतो. मधली जमीन काळी, चिकण. आपल्या वऱ्हाडच्या मातीची बहीणच म्हणा ना! शिवाय निळ्या नाईलकडून तिला बेताचा उतार आहे, त्यामुळे पाणी उपसावे न लागता पाटाने शेतात पोहोचते.

१८९८ मध्ये इंग्रजांनी सुदान जिंकला आणि पुढे लँकेशायरच्या गिरण्यांसाठी या जमिनीवर कापसाची योजना आखली. १९२५ मध्ये सेन्नारचे धरण पुरे झाले. कुळाने राबावे, उत्पन्नातला चाळीस टक्के वाटा घ्यावा; उरलेला सरकार आणि कंपनी यांचा, असा करार होता. १९४६ मध्ये राखीव निधीतला आपला पैसा मिळावा म्हणून कुळांनी कापूस पेरण्यास नकार दिला. पुढल्याच वर्षी अटबरा येथील रेल्वे कामगारांनी संप करून संघटनेला मान्यता मिळवली. १९५० मध्ये कंपनीचा करार संपला. १९५३ ची निवडणूक आपल्या सुकुमार सेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने घेतली आणि १ जानेवारी १९५६ रोजी देश स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये सार्वत्रिक संपापुढे लष्करी राजवटीला हटावे लागले.

हे सारे अभिमानाने सांगावे असेच आहे. पण एक उणीव सांगितली पाहिजे. कापूस वेचायला हंगामापुरते येणारे हजारो मजूर, त्यांत पश्चिमेकडून आलेली कुटुंबे, यांना ना जमीन, ना वाटा. संघटना झाली ती कुळांची. आमच्या परळातही बदली कामगार असाच दाराशी ताटकळत उभा असे, आणि कायम कामगारांच्या मागण्यांत त्याची मागणी शेवटी येई. हा दोष आम्हीही केला आहे.

२०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला. एप्रिल २०२३ पासून सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. डिसेंबर २०२३ मध्ये जझीऱ्याचे मुख्य शहर वद मदनी निमलष्करी दलाच्या हाती गेले. जानेवारी २०२५ मध्ये सैन्याने ते परत घेतले. या धुमाळीत लाखो लोक घरे सोडून निघाले. पाटातला गाळ दरवर्षी काढावा लागतो, नाहीतर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही. ते काम पुन्हा नीट सुरू होईल तेव्हा तो गाळ काढणाऱ्यालाही वाटा मिळतो की नाही, हे आम्ही पाहणार आहोत.