सलाइनच्या हाताकडे बघा

पावसाळा आला की ग्रुपमधलं कोणी ना कोणी डेंग्यूने अ‍ॅडमिट होतंच. घरचे दिवसभर धावून दमलेले, त्यामुळे रात्री थांबायची पाळी मित्रांवर येते. चार्जर, हेडफोन, बिस्किटं घेऊन तुम्ही पोहोचता. रील्स सुरू करण्याआधी एक काम करा. मित्राचा सलाइन लावलेला हात नीट बघा.

त्या हातात असते ती कॅन्युला. आपण सगळे तिला सुई म्हणतो, पण सुई टोचून झाल्यावर काढून घेतात. शिरेत राहते ती प्लास्टिकची बारीक नळी. ती सारखी हलली, औषध शिरेला झोंबणारं असलं किंवा जंतू आत गेले, तर शिरेला सूज येते. याला म्हणतात फ्लेबायटिस. लाली, सूज, गरमपणा, दुखणं. सूज ओळखण्याच्या याच चार खुणा सेल्सस या रोमन लेखकाने सुमारे २००० वर्षांपूर्वी लिहून ठेवल्यात!

नर्स मंडळींकडे हे मोजायची एक पट्टी असते, तिचं नाव 'व्हीआयपी स्कोअर'. (वशिल्याचा काही संबंध नाही.) ० म्हणजे सगळं ठीक, ५ म्हणजे प्रकरण गंभीर. २ झाला, म्हणजे दुखणं, लाली, सूज यातलं काही दोन एकत्र दिसलं, तरी कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची असते.

रात्री अख्ख्या वॉर्डला एक-दोनच सिस्टर असतात. मित्र तापात गुंगलेला, तो काय सांगणार? म्हणून दुखतंय, पट्टी ओली झालीय, थंडी वाजतेय, रक्त येतंय, यातलं काहीही दिसलं तर लगेच सांगा. 'सकाळी राउंडला बघू' म्हणून थांबू नका. सलाइनचं चाक मात्र स्वतः फिरवायचं नाही.

आणि हात धुवा. साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिस्टरने हात न धुता कॅन्युलाला हात लावला, तर 'सिस्टर, सॅनिटायझर देऊ का?' एवढं विचारता येतं. त्यात उद्धटपणा काही नाही.

डिस्चार्जच्या दिवशी कॅन्युला काढली की कापूस दाबून धरा, चोळू नका. डेंग्यूत प्लेटलेट्स कमी असतील तर जरा जास्त वेळ दाबा. घरी गेल्यावरही दोन दिवस ती जागा बघत राहा, कारण सूज कधी कधी नळी काढल्यानंतर येते.