सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांतील जीवनानुभव

सुधीर पटवर्धन (जन्म : १९४९, पुणे) हे समकालीन भारतीय चित्रकार आहेत. मुंबई-ठाणे परिसरातील श्रमिक माणसे, लोकल गाड्या, वस्त्या आणि बदलते शहर हे त्यांच्या चित्रांचे प्रमुख विषय होत. ते व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात वैद्यकीय व्यवसाय केला. कलावंताचा व्यवसाय, त्याचे राहण्याचे ठिकाण, त्याची विचारसरणी आणि त्याचे वाढते वय यांतून त्याची निर्मिती कशी घडते, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या चित्रांचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी

पटवर्धन यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. कलाशाळेतील औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. चित्रकला ते स्वतःच्या अभ्यासातून शिकले. फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांच्या चित्रांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. तरुणपणी ते डाव्या विचारांकडे ओढले गेले. १९७३ मध्ये ते मुंबईस आले व पुढे ठाण्यात स्थायिक झाले. त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९७९ मध्ये नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांच्या ‘आर्ट हेरिटेज’ या कलादालनातर्फे भरविण्यात आले.

वैद्यकीय व्यवसाय आणि मानवी देह

क्ष-किरणतज्ज्ञाचे काम देहाच्या आतील रचना पाहण्याचे व तीवरून निदान करण्याचे असते. त्याच वेळी दवाखान्यात येणारा रुग्ण ही एक संपूर्ण व्यक्ती असते. तिला नाव, काम, घर आणि भीती असते. देहाकडे वस्तू म्हणून तटस्थपणे पाहणे आणि माणूस म्हणून आस्थेने पाहणे, या दोन दृष्टींचा मेळ वैद्यकाला रोज घालावा लागतो. पटवर्धन यांच्या आरंभीच्या चित्रांतही हा दुहेरीपणा आढळतो. त्यांतील माणसांचे देह भरीव, जड आणि कष्टाने घडलेले दिसतात. ते आदर्श सौंदर्याचे नमुने नसतात, तसेच केवळ दया उत्पन्न करण्यासाठीही रंगवलेले नसतात. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) या चित्रात मुंबईकरांच्या नित्य परिचयाचे ठिकाण आणि तेथे बसलेला सामान्य माणूस हाच चित्राचा विषय झाला आहे.

या व्यवसायाचा दुसरा परिणाम आर्थिक स्वरूपाचा होता. उपजीविका वैद्यकीय व्यवसायावर चालत असल्याने चित्रविक्रीवर अवलंबून राहण्याची निकड कमी झाली. मात्र चित्रे काढण्यासाठी दिवसाचा काही भागच हाती उरे.

ठाणे, रेल्वे आणि गर्दी

ठाणे हे १९७० च्या दशकात कारखान्यांचे आणि वेगाने वाढणाऱ्या वस्तीचे शहर होते. येथील रहिवाशांचे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेले असते. फलाट, पादचारी पूल, डब्यातील दाटी आणि रुळांलगतची घरे ही दृश्ये पटवर्धन यांच्या चित्रांत वारंवार येतात. ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१) आणि ‘टाउन’ (१९८४) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. ‘अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे’ (१९८१) या चित्राच्या नावातच अपघात आणि कामगार दिन एकत्र आले आहेत. श्रमिकांच्या गौरवाचा दिवस आणि श्रमिकांच्या जीविताची अनिश्चितता यांतील विसंगती त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात उभी राहते.

आरंभी एकेका व्यक्तीवर केंद्रित असलेली ही चित्रे पुढे विस्तृत नगरदृश्यांकडे वळली. या दृश्यांत एकाच ठिकाणाहून दिसणारा देखावा रंगविण्याऐवजी अनेक दृष्टिकोन एकत्र आणलेले असतात. शहरातून रोज ये-जा करणाऱ्या माणसाच्या स्मृतीत शहर असेच तुकड्यातुकड्यांनी साठत जाते.

‘प्लेस फॉर पीपल’

१९८१ मध्ये मुंबई व दिल्ली येथे ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झाले. त्यात पटवर्धन यांच्यासह भूपेन खक्कर, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम् आणि जोगेन चौधरी यांचा सहभाग होता. कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी लेखन केले होते. मानवाकृती आणि भोवतालचे सामाजिक वास्तव यांना चित्रात पुन्हा स्थान देणे, ही या चित्रकारांना जोडणारी भूमिका होती. प्रत्येकाचा जीवनानुभव मात्र वेगळा होता. मलानी यांचा जन्म १९४६ मध्ये कराचीत झाला आणि फाळणीमुळे त्यांच्या कुटुंबास स्थलांतर करावे लागले. त्यांच्या पुढील कामात फाळणीची आठवण सतत येत राहिली. बडोद्यात हिशेबतपासनीस म्हणून नोकरी करणाऱ्या खक्कर यांनी छोट्या व्यावसायिकांचे जग आणि पुढे स्वतःची समलैंगिकता हे चित्रविषय केले.

निरीक्षकाचा पेच

पटवर्धन हे मध्यमवर्गीय डॉक्टर होते. त्यांच्या चित्रांतील बहुसंख्य माणसे मात्र श्रमिक वर्गातील होती. आपण जे जीवन जगत नाही, ते रंगविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न यातून उद्भवतो. पाहणारा पाहिल्या जाणाऱ्यांच्या दुःखापासून सुरक्षित अंतरावर असतो. तरीही ज्या व्यवस्थेतून ते दुःख निर्माण होते, तिचा तोही घटक असतो. रणजित होस्कोटे यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या नावात पटवर्धन यांना ‘काँप्लिसिट ऑब्झर्व्हर’, म्हणजे घटितात स्वतःही सहभागी असलेला निरीक्षक, असे म्हटले आहे. अनुभवाचा अर्थ केवळ स्वतः भोगलेले असा नसून, जवळून पाहिलेले आणि त्यामुळे अस्वस्थ करणारे असाही होतो, हे या प्रश्नाच्या चर्चेतून स्पष्ट होते.

बदलते शहर, बदलती दृष्टी

१९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्यानंतरच्या काळात गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावाचे रूप पालटले. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबईच्या सहजीवनाला तडा दिला. श्रमिकांच्या संघटित शक्तीतून समाज बदलेल, ही अपेक्षा या काळात क्षीण झाली. पटवर्धन यांच्या चित्रांतही हा बदल जाणवतो. ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रात गिरण्यांचा जुना परिसर आणि नवे शहर एकमेकांसमोर येतात. २००५ मध्ये त्यांनी वैद्यकीय व्यवसाय थांबवून पूर्ण वेळ चित्रकलेस दिला. त्यानंतरच्या चित्रांत शहराबरोबरच घराचे अंतर्भाग, कुटुंबातील नाती आणि वार्धक्य यांनाही महत्त्व आले. ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’ (२०१४) या अनेक फलकांच्या चित्रात त्यांनी मुंबईचा विस्तृत पट मांडला. त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेणारे प्रदर्शन २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुरू झाले. त्याचे संयोजन नॅन्सी अदजानिया यांनी केले होते.

चरित्रात्मक अर्थनिर्णयाच्या मर्यादा

कलाकृतीचा संपूर्ण अर्थ कलावंताच्या चरित्रात सापडतोच असे नाही. ठाण्यात राहणारे आणि लोकलने प्रवास करणारे लाखो लोक आहेत. अनेकांनी वैद्यकीय व्यवसायही केला आहे. तोच अनुभव चित्ररूप घेतो, तो आकार, रंग, अवकाश आणि रचना यांविषयी चित्रकाराने घेतलेल्या निर्णयांमुळे. म्हणून जीवनानुभव ही कलेची सामग्री होय. तिला कलेचे रूप देणारी प्रक्रिया स्वतंत्रपणे अभ्यासावी लागते. पटवर्धन यांच्या बाबतीत चरित्र आणि चित्र ही एकमेकांसमोर ठेवून पाहिली असता दोन्हींचे आकलन वाढते; मात्र एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.